विद्यापीठाचे अंगण

बेंगळुरू शहरातून उत्तरेकडे जाणारा महामार्ग हेब्बाळचा तलाव मागे टाकतो, कृषी विज्ञान विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवाराजवळून पुढे सरकतो आणि शहरापासून सुमारे पस्तीस ते चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळीला पोहोचतो. कन्नड भाषेत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. या खेड्याला जुना भुईकोट किल्ला आहे. टिपू सुलतानाचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास येथेच झाला. भोवतालच्या शिवारात नाचणी पिकते, द्राक्षांचे मळे आहेत, फुलशेती आहे. तालुक्यातील विजयपुरा हे गाव रेशमासाठी ओळखले जाते, त्यामुळे तुतीची लागवडही जागोजागी दिसते. देवनहळ्ळीचे पपनस तर इतके नावाजलेले की त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इतर ठिकाणच्या पपनसात जाणवणारा कडवटपणा या फळात नसतो, असे ते चाखणारे सांगतात.

२००८ सालच्या मे महिन्यात या तालुक्यात बेंगळुरूचे नवे विमानतळ सुरू झाले आणि शिवाराचे भवितव्य बदलले. देवनहळ्ळी आणि शेजारचा दोड्डबळ्ळापूर हे तालुके मिळून सुमारे साडेदहा हजार एकरांवर माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र गुंतवणूक क्षेत्र उभारण्याची कल्पना पुढे आली. आखल्याप्रमाणे ते कधी उभे राहिले नाही. विमाननिर्मितीशी संबंधित उद्योगांसाठी मात्र येथे औद्योगिक क्षेत्र वसले. बोईंग कंपनीच्या अभियांत्रिकी केंद्राचे त्रेचाळीस एकरांचे आवार येथे २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. मोबाइल फोनची जुळणी करणारा फॉक्सकॉनचा प्रचंड कारखाना आला. खासगी विद्यापीठांनी आपली आवारे या पट्ट्यात बांधली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटक शासनाने दोड्डबळ्ळापूर आणि दोब्बसपेटे यांच्या दरम्यान सुमारे ५८०० एकरांच्या नव्या नगरीची घोषणा केली. ज्ञान, आरोग्य आणि नवनिर्मिती हे तिचे आधारस्तंभ असतील आणि परदेशी विद्यापीठांनाही तेथे जागा मिळेल, असे सांगण्यात आले.

या सर्व योजनांमागे एकच विचार आहे. विद्यापीठ आणले की संशोधन येते, संशोधनामागून उद्योग येतात, उद्योगांमागून रोजगार येतो आणि प्रदेश संपन्न होतो. हा विचार खोटा नाही. जगात तो अनेक ठिकाणी खरा ठरला आहे आणि बेंगळुरूइतके त्याचे ठळक उदाहरण भारतात दुसरे सापडणार नाही. मात्र जेथे तो खरा ठरला तेथे विद्यापीठाने आधी आपल्या अंगणात पाहिले होते. त्या भूमीत काय पिकते, काय अडते आणि तेथील माणसे कशाने गांजलेली आहेत, हे जाणून घेतले होते. आजच्या आराखड्यांत एकरांचा हिशेब पहिल्या पानावर असतो आणि या प्रश्नांना शेवटच्या पानावरही जागा मिळत नाही. देवनहळ्ळीचे उदाहरण त्यासाठीच बारकाईने पाहण्याजोगे आहे.

बेंगळुरूतील भारतीय विज्ञान संस्थेची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. जमशेटजी टाटांनी १८९८ च्या सुमारास या संस्थेची योजना पुढे मांडली आणि मुंबईतील इमारतींसह आपली मोठी मालमत्ता तिच्यासाठी देऊ केली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी शंका काढल्या. अशा संस्थेत शिकण्यास पात्र विद्यार्थी मिळतील काय, आणि मिळाले तर शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार? शंका रास्त होती की परक्या सत्तेच्या अनिच्छेचे ते निमित्त होते, हा वाद बाजूला ठेवला तरी आज नव्या विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा बापही हेच विचारतो. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी भारतात फिरून या संस्थेसाठी बेंगळुरूची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. १९०९ साली संस्था अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. जमशेटजी त्यापूर्वीच, १९०४ मध्ये, निवर्तले होते.

संस्था स्थापन होऊन पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच पहिले महायुद्ध पेटले. म्हैसूरच्या जंगलातील चंदन ही संस्थानाची मोठी मिळकत होती. हे लाकूड युरोपात, विशेषतः जर्मनीत जाई आणि तेल तेथे काढले जाई. युद्धाने तो मार्ग बंद केला. चंदनाचे ओंडके गोदामांत साचू लागले आणि संस्थानाच्या खजिन्याला खोट बसू लागली. त्या वेळी विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. चंदनाचे तेल येथेच काढता येईल काय, हा प्रश्न विज्ञान संस्थेपुढे ठेवण्यात आला. तेथील सडबरो आणि वॉटसन या दोन प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत तेल गाळण्याची रीत सिद्ध केली. त्यानंतर म्हैसूरला सरकारी तेल कारखाना निघाला, पाठोपाठ बेंगळुरूला साबणाचा कारखाना आला आणि ‘म्हैसूर सँडल’ हा साबण देशभर घरोघरी पोहोचला. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो बाजारात आहे.

या घटनेत कोठेही ज्ञाननगरीची घोषणा नव्हती. अडचण प्रदेशाची होती, कच्चा माल प्रदेशाचा होता आणि ती सोडवणारी संस्था त्याच प्रदेशात होती. शासनकर्त्याला नेमके काय विचारावे हे कळत होते आणि प्राध्यापकाला तो प्रश्न आपल्या विद्वत्तेला कमीपणा आणणारा वाटला नाही. ओंडक्यांचा ढीग साचला तेव्हा इतके जुळून आले, म्हणून तेल निघाले.

संस्थेचे दुसरे मोठे योगदान विमानविद्येतील आहे आणि मराठी वाचकाला ते जवळचे वाटावे असे आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. कारखाना निघाला, पण विमानाची रचना जाणणारी माणसे कोठून आणायची? १९४२ मध्ये विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या उभारणीत विष्णू माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. वाहत्या हवेचा आणि द्रवाचा अभ्यास हा प्रांटल यांचा विषय. हा विषय वरवर पाहता अगदी पुस्तकी वाटावा असा आहे, परंतु विमानाचा पंख त्यावरच तोललेला असतो. घाटगे संस्थेत शिकवत आणि कारखान्यासाठी रचनाही करत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात रचलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली आकाशात झेपावले. त्याच वर्षी सतीश धवन या संस्थेत रुजू झाले आणि पुढे देशाच्या अंतराळ कार्यक्रमाची धुराही त्यांच्याकडे आली.

देवनहळ्ळीला आज विमानांचे सुटे भाग घडवणारे कारखाने का आले, याचे उत्तर या इतिहासात आहे. जमीन आणि विमानतळ अन्यत्रही मिळाले असते. येथे विमान जाणणारी माणसे होती, कारण त्यांना घडवणारा विभाग ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झाला होता. जमशेटजींच्या योजनेपासून घाटगे यांच्या विमानापर्यंत त्रेपन्न वर्षे लोटली. पाच वर्षांचा आराखडा आखून नवनिर्मितीची अपेक्षा करणाऱ्यांनी हा काळ लक्षात घ्यायला हवा. निवडणुकीच्या दोन फेऱ्यांत विद्यापीठाची इमारत पूर्ण होते. विद्यापीठ पूर्ण व्हायला दोन पिढ्या लागतात.

परदेशातील ज्या उदाहरणाचा अशा वेळी हमखास उल्लेख होतो ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. १९५१ मध्ये या विद्यापीठाने आपल्या जमिनीवर उद्योगांना जागा दिली आणि तेथून पुढे सिलिकॉन व्हॅलीची भरभराट झाली. या कथेतील एक तपशील मात्र बहुधा सांगितला जात नाही. संस्थापकांनी विद्यापीठाला जमीन देताना ती विकण्यास मनाई केली होती. म्हणून विद्यापीठाने ती विकली नाही, उद्योगांना भाडेपट्ट्याने दिली. जमिनीची मालकी ज्याची होती त्याच्याकडेच राहिली आणि तिची वाढती किंमतही त्याच्याच पदरात पडत राहिली. देवनहळ्ळीच्या शेतकऱ्याला असा लाभ मिळत नाही. त्याला एकदाच मोबदला मिळतो आणि त्यानंतर त्या जमिनीशी असलेला त्याचा संबंध संपतो.

या संबंधाचा प्रश्न चन्नरायपट्टण होबळीतील तेरा गावांनी उभा केला. महसुली कामासाठी केलेल्या गावांच्या गटाला कर्नाटकात होबळी म्हणतात. विमान उद्योगाच्या औद्योगिक क्षेत्रासाठी या गावांतील १७७७ एकर जमीन संपादन करण्याचे शासनाने ठरवले. २०२२ च्या एप्रिलपासून शेतकरी आंदोलनाला बसले. तीन वर्षांहून अधिक काळ ते उठले नाहीत. मध्यंतरी राज्यात सत्तांतर झाले, तरी आंदोलन चालूच राहिले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे संपादन सोडून देत असल्याचे जाहीर केले. जे स्वेच्छेने जमीन देतील त्यांच्याकडूनच ती घेतली जाईल, असेही सांगितले. शेजारच्या आंध्र प्रदेशाने लगोलग विमान उद्योगाला आपल्या राज्यात येण्याचे निमंत्रण दिले.

हे निमंत्रण आले तेव्हा अनेकांनी शेतकऱ्यांना दोष दिला. विकास दारात आला होता, तो हट्टाने परतवला, असे म्हटले गेले. हा आरोप सहज टाकून देण्याजोगा नाही. उद्योग खरोखरच दुसरीकडे जाऊ शकतात आणि बेरोजगार तरुण दोन्ही राज्यांत आहेत. तथापि शेतकऱ्याचा हिशेबही अडाणीपणाचा नव्हता. द्राक्षाचा मळा, तुतीची बाग आणि गोठ्यातील दूध यांतून त्याला वर्षभर थोडा थोडा पैसा मिळतो. त्या मिळकतीवर घर चालते आणि मुले शिकतात. मोबदल्याची रक्कम मोठी दिसते, पण ती एका पिढीत संपते. दोन मिळकतींची तुलना करून एक निवडणे यालाच अर्थशास्त्र म्हणतात. ती तुलना गावकऱ्यांनी केली. ज्या प्रदेशात इतकी विद्यापीठे आहेत, त्यांतील एखाद्या अर्थशास्त्र विभागाने ती आंदोलनापूर्वीच करून शासनापुढे ठेवली असती, तर तीन वर्षांचा संघर्ष कदाचित टळला असता.

जमीन सोडून देणे आणि जमीन अडवून धरणे यांच्या मधला मार्ग नाही असे नाही. पुण्याजवळील मगरपट्टा येथे सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि नगर वसवले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत हिस्सा ठरला. हा प्रयोग प्रत्येक ठिकाणी जसाच्या तसा चालेल असे मानता येणार नाही, कारण तेथे शहर अगदी लागून होते आणि पुढाकार घेणारे कुटुंब त्याच गावचे होते. तरीही शेतकरी भागीदार होऊ शकतो एवढे त्यातून निश्चित सिद्ध झाले.

विद्यापीठ म्हणजे यंत्रे, संगणक आणि उंच इमारती, ही समजूतही तपासून पाहावी लागेल. देवनहळ्ळीच्या वाटेवरच असलेल्या कृषी विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९६४ साली झाली. कर्नाटकच्या दक्षिण भागात नाचणी हे गरिबाचे मुख्य अन्न. या पिकावर लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञाने जन्मभर काम केले. भारतातील आणि आफ्रिकेतील नाचणीच्या वाणांचा संकर करून त्यांनी ‘इंडाफ’ या नावाने नवे वाण सिद्ध केले. नावातच दोन खंडांचा संयोग आहे. नाचणीचे फूल अतिशय बारीक असते, त्यामुळे हा संकर घडवून आणणे म्हणजे चिकाटीची परीक्षाच होती. लोकांनी या शास्त्रज्ञाला ‘रागी ब्रह्म’ म्हणजे नाचणीचा निर्माता अशी पदवी दिली. एखाद्या वैज्ञानिकाला शेतकऱ्यांनी आपल्या भाषेत नाव द्यावे, याहून मोठा सन्मान क्वचितच असेल. कोरडवाहू शेतात दोन पोती नाचणी जास्त आली तर वर्तमानपत्रात बातमी येत नाही आणि परकी गुंतवणूक आल्याची नोंदही होत नाही. परंतु प्रादेशिक आर्थिक वाढ या जड शब्दांचा अर्थ त्या दोन पोत्यांत सामावलेला आहे.

विज्ञान संस्थेनेही हा मार्ग काही काळ चोखाळला. १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामीण भागासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान वापरण्याचा ‘अस्त्र’ हा उपक्रम सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातील उंगरा या गावी त्यांनी केंद्र उघडले. गावातील स्त्रिया सरपण गोळा करण्यात किती वेळ घालवतात आणि चुलीत किती लाकूड जाळतात, हे मोजण्यापासून कामाला आरंभ झाला. त्यातून कमी लाकूड खाणारी आणि धूर बाहेर सोडणारी सुधारित चूल तयार झाली. मातीच्या दाबून केलेल्या विटांची घरे बांधण्याचे तंत्रही याच प्रयत्नांतून पुढे आले. उच्च गणितात पारंगत असलेल्या प्राध्यापकाने चुलीपुढे बसून लाकूड तोलावे, हे दृश्य त्या काळी काहींना विचित्र वाटले असेल. पण चुलीचा धूर छातीत भरून घेणाऱ्या बाईला त्यात विचित्र काहीच वाटले नसणार.

येथे एक आक्षेप संभवतो. विद्यापीठाने सदैव परिसराच्या गरजा पुरवाव्यात असे म्हटले, तर शुद्ध ज्ञानाचे काय? ताऱ्यांचा, संख्यांचा, भाषेच्या इतिहासाचा अभ्यास कोणी करावा? हा आक्षेप वजनदार आहे. प्रांटल यांचे हवेच्या प्रवाहाचे गणित उपयोगाचा विचार करूनच झाले असते, तर ते कदाचित झालेच नसते. विद्यापीठाने कारखान्याची कार्यशाळा होऊ नये. मात्र ज्या योजनेत प्रदेशाच्या विकासाचे कारण पुढे करून जमीन मागितली जाते, त्या योजनेने तरी प्रदेशाला उत्तर दिले पाहिजे. शुद्ध ज्ञानासाठी ३७१ एकर पुष्कळ झाले. हजारो एकर मागताना कारण वेगळे सांगितलेले असते.

देवनहळ्ळीपुढे आज प्रश्नांची वाण नाही. त्यांतील सर्वांत बिकट प्रश्न पाण्याचा आहे. या भागात बारमाही वाहणारी नदी नाही. अर्कावती आणि दक्षिण पिनाकिनी या नद्या जवळच्या नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावतात, परंतु वर्षातील बहुतेक काळ त्यांचे पात्र कोरडे असते. पूर्वी एकातून दुसऱ्यात पाणी सोडणाऱ्या तलावांच्या साखळीवर शेती चाले. नंतर कूपनलिका आल्या आणि पाणी खोल खोल गेले. यावर उपाय म्हणून बेंगळुरू शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोरड्या तालुक्यांतील तलावांत सोडण्याची योजना कर्नाटकाने हाती घेतली. २०१८ मध्ये कोलार जिल्ह्यात तिचा आरंभ झाला. पुढे हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यांतील पाणी याच पद्धतीने बेंगळुरू ग्रामीण आणि चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांकडे नेण्यात आले.

कोरडे तलाव भरले, विहिरींना पाणी वाढले आणि अनेकांना आनंद झाला. त्याच वेळी शंकाही उभ्या राहिल्या. हे पाणी शुद्धीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंतच शुद्ध केले जाते. तिसरा टप्पाही पार पाडावा, अन्यथा जमिनीखालचे पाणी बिघडेल, अशी मागणी पुढे आली आणि कोलारच्या योजनेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी कोलारच्या भूजलावर काम केले आहे. असे काम प्रत्येक तालुक्यात, वर्षानुवर्षे आणि गावकऱ्यांना कळेल अशा भाषेत व्हायला हवे. ज्याच्या विहिरीचे पाणी तपासले त्याला निष्कर्ष कन्नडमध्ये मिळाला पाहिजे. तो एखाद्या परदेशी नियतकालिकात छापून आला एवढ्याने त्या शेतकऱ्याचे समाधान होणार नाही.

विद्यापीठाच्या फाटकातून कोण आत जातो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. खासगी विद्यापीठाचे शुल्क भरणे बहुसंख्य शेतकरी कुटुंबांना परवडत नाही. प्रवेश परीक्षेची तयारी हा शहरातला धंदा झाला आहे. त्यामुळे जमीन देणाऱ्या कुटुंबातील तरुण फाटकाशी पहारेकरी म्हणून उभा राहतो, विद्यार्थ्यांची बस चालवतो किंवा उपाहारगृहात भांडी घासतो. ही कामे हलकी आहेत असे मुळीच नाही, पण त्यांच्यासाठी विद्यापीठ लागत नाही. मोबाइल फोनच्या कारखान्याने खेड्यापाड्यांतील हजारो तरुणींना वेतन आणि घराबाहेरचे जग दिले, ही मोठीच गोष्ट झाली. त्याच मुलींना चार-पाच वर्षांनंतर जुळणीच्या पट्ट्यावरून पुढे, तंत्रज्ञाच्या किंवा पर्यवेक्षकाच्या जागी जायचे असेल, तर शिक्षणाचा दरवाजा उघडा आहे काय, हे पाहावे लागेल.

हा दरवाजा उघडणे विद्यापीठाला शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांच्याशी त्याने नाते जोडावे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांना मुक्त शिक्षणातून दहावी-बारावी करून आत येता यावे यासाठी पूरक वर्ग चालवावेत, आणि ते संध्याकाळी, काम सुटल्यावर असावेत. महाराष्ट्रात १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या लोकांना पदवीपर्यंत नेत आहे. तिशी-चाळिशीत परीक्षेला बसणारी माणसे अभ्यासाला कमी पडतात, हा समज या विद्यार्थ्यांनी कधीच खोटा ठरवला आहे. शेती केलेल्या माणसाला पाण्याविषयी, मातीविषयी आणि बाजाराविषयी जे माहीत असते, ते वर्गातील इतरांनाही उपयोगी पडते.

महाराष्ट्रातही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करण्यास सांगितले आहे. परिसराची गरज ओळखून शिक्षणाची आखणी व्हावी, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात त्याची चर्चा बहुधा कोणत्या तालुक्याला किती नवी महाविद्यालये द्यायची, या वाटपावर येऊन थांबते. आणि देवनहळ्ळीसारखेच चित्र नवी मुंबईत रेखाटले जात आहे. तेथील विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाच परदेशी विद्यापीठांना या परिसरात आपली केंद्रे उघडण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. सिडकोच्या जमिनीवर शिक्षणनगरी वसवण्याची ही योजना आहे.

या भूमीचा इतिहास आगरी आणि कोळी समाजांच्या घराघरांत जिवंत आहे. नवी मुंबईसाठी भातशेती आणि मिठागरे गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांचे बळी गेले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी गावे उठली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, टेकडी कापली गेली. भरतीचे पाणी पूर्वी कोणत्या खाडीतून कोठवर चढत असे आणि आता कोठे तुंबते, हे तेथील मच्छीमारांना ठाऊक आहे. ते मोजून नकाशावर उतरवणे हे एखाद्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे काम होऊ शकेल.

सिडको आपली जमीन भाडेपट्ट्याने देते. भाडेपट्ट्याच्या कागदात अटी घालता येतात. परिसरातील गावांच्या मुलामुलींसाठी किती जागा आणि किती शुल्क, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे कोणते वर्ग, खाडी आणि भूजल यांचा अभ्यास कोणत्या विभागाकडे, त्याचे निष्कर्ष दरवर्षी मराठीत कोणत्या ग्रामसभेपुढे मांडले जाणार आणि हे न झाल्यास पट्ट्याचे पुढे काय होणार, एवढी पाच कलमे त्यात लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.